पोट रिकामं ठेवायचे दिवस

लातूर
३ फेब्रुवारी २०१३

भिवरा,

तपासणीची तारीख मिळाली. अठरा फेब्रुवारी, सोमवार, सकाळी नऊ. सरकारी दवाखान्यातच आहे. चन्नप्पा दुकान सोडून रांगेत उभा राहिला आणि तारीख घेऊनच आला. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण तुझ्या कामाला तो कधी कंटाळत नाही. लहानपणी तुझ्या हातचं दूध प्यायलाय, ते तो विसरलेला नाही.

फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते. नीट वाच. पोटाचा हा फोटो काढायचा तर आतडं स्वच्छ धुतलेल्या भांड्यासारखं पाहिजे. म्हणून आधीचे तीन दिवस ज्वारीची भाकरी बंद. पालेभाजी नको, शेंगदाणे नकोत, सालीची डाळ नको, बियांचं काही नको. पांढरा भात मऊ शिजवून खायचा. साल काढलेला बटाटा चालेल, दुधी चालेल, ताक गाळून चालेल. शेवटच्या दिवशी तेही नाही, नुसतं पातळ. भाताची पेज गाळून, साखरपाणी, लिंबाचं पाणी बिया काढून. दोन रात्री आधी या पत्रासोबत पाठवलेल्या पिशवीतल्या गोळ्या घ्यायच्या. आदल्या दिवशी दुपारी त्याच पिशवीतली पावडर दोन लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी प्यायची. मग पोट वाहतं, घाबरू नकोस. ते वाहायलाच पाहिजे. फोटोत आतडं उठून दिसावं म्हणून जे औषध प्यायचं, ते सकाळी दवाखान्यातच पाजतील.

मला हे माहीत आहे कारण तीन वर्षांपूर्वी माझीही हीच तपासणी झाली होती. माझं काही निघालं नाही, तुझंही निघणार नाही असं मी म्हणत नाही. पण संक्रांतीला धारूरला आमच्या जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत तू माझ्या कानाला तोंड लावून शौचातून रक्त पडतंय असं सांगितलंस, तेव्हा तुझा हात माझ्या हातात गार पडला होता. बहिरीला गुपित सांगायचं म्हणजे तुला किती जड गेलं असेल. त्या दिवसापासून मला चैन नाही.

चार दिवस आधी आमच्याकडे ये. शिवकांता म्हणते, मावशींना मी बघते. सून चांगली आहे, तू तिला फार बघितलेली नाहीस.

तुझी
नीलाअक्का

---

धारूरची छावणी
९ फेब्रुवारी

नीलाअक्का,

तुमाला भिवराचा वाकून नमस्कार. पत्र पेंडीच्या टेम्पोवाल्यानं हातात दिलं. तो चन्नप्पाच्या आडतीवरूनच पेंड भरून इथं येतो, म्हनून आता टपालाची वाट बघायला नको.

सगळं दोनदा वाचलं. भाकरी सोडायची म्हनल्यावर जरा हसू आलं. यंदा भाकरीसाठीच तर लोक हिंडतेत. पण रेशनचा तांदूळ हाय माझ्याकडं, त्याची चिंता न्हाई. बटाटे बाजारातून आणीन.

चार दिवस आधी मात्र येता येनार न्हाई, अक्का. आमच्या घरचे तिकडं सांगलीच्या बाजूला ऊस तोडायला. पोरगा आन् सूनबी संगंच. मी एकटी इथं म्हैस, गाय आन् कालवड घेऊन. चारा छावणीचा नियम असा की रोज सकाळी जनावराजवळ मालक उभा पाहिजे, न्हाईतर जनावराचं नाव कमी करतेत. नाव कमी झालं की चारा बंद. आन् म्हैस तर माझ्याशिवाय कुनाच्या हातचं खात न्हाई, तुमाला तिची खोड माहीत हाय. दूध संस्थेत होतो तवाबी तिची आई तशीच होती.

त्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. एका दिवसाचं मंजुळाबाईला सांगते. ती वडवणीकडची, आमच्या शेजारच्या दावणीला हाय, माणूस भलं हाय. तिला कशाचं म्हनून सांगितलं न्हाई, नुसतं लातूरला काम हाय एवढंच.

गोळ्या आन् पावडर जपून ठेवली हाय. त्याचं मी बघून घेते. तुमी काळजी करू नका.

आमच्या घरच्यांना काही कळवू नका. तिथं कोयता चालवायचा, चित्त ठिकाणावर पाहिजे.

तुमची
भिवरा

---

लातूर
२० फेब्रुवारी

भिवरा,

रागावून लिहिते आहे, तर रागावूनच वाच.

सोमवारी मशीनवरच्या माणसानं तुला विचारलं, पावडर घेतली का, तू मान हलवलीस. मी शेजारी उभी होते, मला तुझी मान दिसली. मग मशीनवर झोपवलं, पहिलाच फोटो बघून त्यांनी तुला उठवलं आणि म्हणाले, पोट भरलेलं आहे, यात काही दिसणार नाही, पुढची तारीख घ्या. तू उठून तडक बाहेर पडलीस. बसमध्ये बसलीस आणि गेलीस. खिडकीतून हातसुद्धा केला नाहीस.

भाकरीवाचून राहवलं नाही, एवढंच ना. मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं. चन्नप्पा पुन्हा रांगेत उभा राहिला, अकरा मार्च मिळाली आहे. दवाखान्यातल्यांच्या म्हणण्याप्रमाणे यात आणखी उशीर करायचा नाही. तुझ्या तोंडाचा रंग उतरलाय, भिवरा. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

या वेळी तरी मन घट्ट कर. तीन दिवसांचा प्रश्न आहे.

नीलाअक्का

---

धारूरची छावणी
२५ फेब्रुवारी

नीलाअक्का,

तुमी रागावलात ते बरोबर हाय. मी खोटं बोलले, तेबी खरं हाय. पण भाकरी न्हाई खाल्ली. तिन्ही दिवस भात खाल्ला. मंजुळाबाई हसत होती, म्हनाली रोज कुठल्या लग्नाला जेवायला जाते. शेवटच्या दिवशी नुसती पेज प्याले.

गोळी आन् पावडर घेतली न्हाई. कावून घेतली न्हाई ते तुमाला तोंडानं सांगायला लाज वाटली, म्हनून गप बसले. आता लिहिते.

इथं आडोसा न्हाई, अक्का. छावणी माळावर हाय. चार वर्षांमागं इथं बाभळी होत्या, घाणेरी होती. आता जनावरांनी आन् चुलींनी सगळं संपवलं. नजर जाईल तिथवर माळ उघडा. पाचशेवर गडीमाणूस दिवसभर हिंडतंय. आमी बाया पहाटे अंधारात उठून खालच्या ओढ्यात जातो. एकदा उजाडलं की मग रात्रीपर्यंत न्हाई. म्हनून कुनी दुपारचं पाणी पीत न्हाई, कुनी पोटभर खात न्हाई. पोरीबाळींचे तर लई हाल हायेत. मग सांगा, पोट वाहायची पावडर मी दुपारी कशी घेऊ. घेतली तर कुठं पळू. आन् दोन लिटर पाणी म्हनजे आमच्या वाट्याच्या घागरीतलं किती, तेबी बघा. टँकर एक दिवसाआड येतो.

त्या मशीनवरचं पोरगं माझ्या पोराएवढं. त्याच्यापुढं हे कसं बोलू.

तुमी माझ्यासाठी केलं तेवढं सख्खी भन करनार न्हाई. चन्नप्पानं दोनदा रांग धरली. ते मी जल्मात विसरनार न्हाई. पण आता राहू द्या. पाऊस पडला, छावणी उठली, आपआपल्या घरी गेलो की मग बघू. दुखनंबी आता कमी हाय.

भिवरा

---

लातूर
२ मार्च

भिवरा,

तुझं पत्र मी वाचलं आणि शिवकांताला वाचायला दिलं. तिनं वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, सासूबाई, तुम्ही जाऊ शकता का तिकडं.

तेच माझ्याही मनात होतं. गुरुवारी, सात तारखेला, पेंडीच्या टेम्पोत पुढे बसून मी येते. तोच टेम्पो परत निघेल, त्यात तू बसायचं. तपासणी होईपर्यंत तू माझ्या घरी राहशील आणि मी तुझ्या दावणीला. चन्नप्पानं छावणी बघणाऱ्या मोहनरावांना फोन केला होता. छावणी आपल्याच दूध संस्थेनं चालवली आहे, आणि मी तिची सचिव होते हे ते विसरलेले नाहीत. हजेरीला तुझ्याऐवजी माझं नाव चालेल म्हणाले.

म्हैस खाईल की नाही ते मी आणि म्हैस बघून घेऊ. दुखणं कमी आहे असं पुन्हा लिहू नकोस. तुझं अक्षर खोटं लिहिताना बारीक होतं.

जुनं पत्र रागानं लिहिलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला आडोशाचं सुचलंच नाही. आमच्या घरात दाराला कडी आहे, म्हणून सुचलं नाही.

नीलाअक्का

---

लातूर
९ मार्च

नीलाअक्का,

तुमच्या घरात बसून तुमालाच पत्र लिहिते, ह्याची गंमत वाटते. टेम्पोवाला संध्याकाळी निघनार हाय, त्याच्याजवळ देते.

शिवकांता माझं लई करते. आल्या आल्या तिनं मला न्हाणीघर दाखवलं, संडास दाखवला, आतली कडी लावून दाखवली आन् म्हनाली, मावशी, इथं कुनी हाक मारनार न्हाई, कितीबी वेळ लागू द्या. मी आत जाऊन कडी लावली आन् तशीच उभी राहिले. मला रडू आलं. काही कारण न्हाई, तरी आलं.

भात ती इतका मऊ करते की चावायला लागत न्हाई. दुधीची साल काढून, बिया काढून, नुसतं मीठ आन् जिरं टाकलेलं पाणी घालून शिजवते. ते जिरंबी फडक्यातून गाळून घेते. ताटाजवळ बसून राहते. काल चन्नप्पाच्या ताटात भाकरी होती, तर तिनं त्याला आतल्या खोलीत बसवून वाढलं, मावशींच्या समोर नको म्हनून. मी म्हनलं, अगं मी लेकरू हाय का. पण बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र तुमी मला लिहिली न्हाई. तुमच्या लातूरलाबी पाणी न्हाई. नळ दहा-बारा दिवसांनी येतो म्हने. न्हाणीघरात एक पिंप भरून, वर ताट झाकून ठेवलं होतं. मी त्यातून तांब्या घ्यायला गेले तर शिवकांतानं सांगितलं, ते तुमचंच हाय, हवं तेवढं घ्या. आन् हे दोघं नवराबायको बादलीच्या तळाशी उरलेल्यात आंघोळ करतेत. तुमीबी निघायच्या आधी आठवडाभर नुसतं अंग पुसत होता, हेबी तिनं सांगितलं. तुमी मला कशाला बोलावलं असं विचारनार होते. विचारत न्हाई. पिंपातलं पाणी वापरते.

आज रात्री गोळ्या घ्यायच्या, उद्या पावडर. घेते.

म्हशीला उसाचं वाढं टाकताना आधी तिच्या पाठीवर हात ठेवा. गाईचं काही न्हाई, ती गरीब हाय.

भिवरा

---

धारूरची छावणी
१० मार्च

भिवरा,

म्हशीनं पहिला दिवस माझ्याकडे पाठ करून काढला. पाठीवर हात ठेवला तर शेपटी मारली. पेंड पुढे ठेवली तर हुंगून सोडून दिली. मंजुळाबाई म्हणाली, तिला भिवराबाईचा वास पाहिजे. मग तुझ्या गाठोड्यातलं ते हिरवं जुनेर काढलं, नेसले आणि तोंडावर पदर घेऊन गेले. एवढी मोठी म्हैस, फसली. किंवा तिलाही माझी दया आली असेल. आता खाते.

आता दुसरं सांगते.

शुक्रवारी सकाळी मला उशिरा जाग आली. उजाडलं होतं. मंजुळाबाईनं मला हाक मारली होती म्हणे, पण मला ऐकू आलं नाही. मग मी तुझ्या पत्रातलं सगळं स्वतःच्या देहानं वाचलं. दिवसभर आवरून बसले. दुपारी कुणी पाणी दिलं तर घेतलं नाही. सकाळच्या लिंगपूजेला मंजुळाबाई वाटीभर पाणी राखून ठेवते, ती माझ्या धर्माची नाही, तरी ठेवते, तेवढं तीर्थ घेतलं. संध्याकाळपर्यंत पोटात कळा यायला लागल्या. सहासष्ट वर्षांचं माझं वय, भिवरा. तू हे चार महिने करते आहेस, दुखणारं पोट घेऊन.

अंधार पडल्यावर ओढ्यातून आले आणि मंजुळाबाईला म्हटलं, उद्या मोहनरावांकडे जायचं. ती म्हणाली, आम्हाला बोलायला लाज वाटते. मी म्हटलं, मला म्हातारपणी काय लाज. तुम्ही नुसत्या मागे उभ्या राहा.

काल सकाळी हजेरीच्या टेबलापाशी गेलो. मागे उभ्या राहिलेल्या बाया वाढत गेल्या. मी मोहनरावांना सगळं सांगितलं, ओढा, अंधार, पाणी न पिणं, सगळं. तुझं नाव घेतलं नाही. ते खाली बघत होते. माणूस वाईट नाही. म्हणाले, नीलाबाई, आमच्या कानावर हे कुणी घातलंच नाही.

मी म्हटलं, मोहनराव, बहिरी मी आहे.

मग ते उठले. चाऱ्यावर झाकायच्या ताडपत्र्या काढून दिल्या. दुपारपर्यंत गड्यांनी पूर्वेच्या कडेला चर खणले, बांबू रोवले, ताडपत्री बांधली. आत टाकायला माती आणि राख ठेवली. टँकरवाल्याला सांगून एक टाकी तिथंच ठेवायची ठरली आहे. पहिल्यांदा आत कुणी जायचं यावरून बायांमध्ये चेष्टा चालली होती. एक तरणी पोर आत गेली आणि बाहेर येऊन नुसती हसत उभी राहिली.

संध्याकाळी बाया भरपूर पाणी प्यायल्या. मी बघत होते.

तू उद्याचं औषध नीट पी. त्याला थोडा कडसर वास येतो. नाक धरू नकोस, त्यानं जास्त मळमळतं. सावकाश घे.

नीलाअक्का

---

लातूर
१२ मार्च

नीलाअक्का,

झाली तपासणी. आधी तेच लिहिते, म्हनजे तुमाला धीर येईल.

पावडर रविवारी दुपारी घेतली. दोन लिटर संपता संपत न्हाई. शिवकांता पेला भरून द्यायची आन् समोर बसायची. त्यानंतरचं काय लिहू. दिवस मावळेपर्यंत आत-बाहेर करत होते. पिंप निम्मं संपलं. शेवटी शेवटी नुसतं पाणीच यायला लागलं, तवा शिवकांता म्हनाली, मावशी, झालं, भांडं स्वच्छ झालं. तुमचंच बोलनं तिनं मला सांगितलं.

सोमवारी दवाखान्यात त्यांनी मोठी बाटली दिली. पाण्यासारखंच दिसतं, पण जिभेला कडू आन् मागून गोडूस. एकदम प्यायचं न्हाई, थोडं थोडं करून तास-दीड तासात संपवायचं, म्हनजे ते आतड्यात शेवटपर्यंत पोचतं. दोन पेले गेले. तिसऱ्याला उलटी येनार असं वाटलं. बाकावर शेजारी एक बाई बसली होती, तीबी तेच पीत होती. आमी एकमेकींकडं बघितलं. ती म्हनाली, तुमी घोट घ्या, मग मी घेते. असं आळीपाळीनं दोघींनी बाटल्या संपवल्या. नाव विचारायचं राहिलं.

मग आत बोलावलं. त्या पोरानं विचारलं, पावडर घेतली का. मी म्हनलं, घेतली, आन् मागच्या वेळी घेतली नव्हती, खोटं बोलले होते. तो म्हनाला, काही हरकत न्हाई मावशी, बरेच जन तसं सांगतेत. तो रागावला न्हाई.

अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. जोडवी, पाटल्या आन् मंगळसूत्र. मंगळसूत्र सगळ्यात शेवटी काढलं. लग्न झाल्यापासून कधी गळ्यातून काढलं न्हाई, आन् आमच्या घरच्यांना तर मी इथं हाय हेबी माहीत न्हाई. शिवकांतानं दोन्ही हात पुढं केले. त्यात ठेवलं. तिनं मूठ मिटली आन् म्हनाली, तुमी बाहेर येईपर्यंत मी मूठ उघडत न्हाई.

आत गार होतं. हात डोक्यावर घ्यायला लावले. शिरेत सुई दिली तशी अंगातून गरम लाट गेली, गळ्यापासून खाली. मला वाटलं लुगड्यातच झालं. तो काचेमागून म्हनाला, तसं वाटतं, झालेलं नसतं. श्वास धरा, श्वास सोडा. तेवढंच. एवढ्या तयारीनंतर काम थोडक्यातच आटपलं.

बाहेर आले तर शिवकांता तिथंच उभी, मूठ मिटलेली. तिच्या तळहातावर मण्यांचे वळ उठले होते.

काल संध्याकाळी तिनं भाकरी केली. तुमच्या ताडपत्रीचं पत्र तवाच आलं, जेवता जेवता वाचलं. मी काय बोलू, अक्का. तुमी माझ्या गुरांजवळ निजलात आन् माझ्यासाठी भांडलात. मला तर नुसतं औषध प्यायचं होतं.

उद्याच्या टेम्पोनं येते. आल्यावर तुमचे पाय धुते.

भिवरा

---

लातूर
२३ मार्च

भिवरा,

घरी पोचल्यापासून मला तुझ्या म्हशीची आठवण येते. शिवकांता म्हणते, माझ्या लुगड्याला अजून शेणाचा वास आहे. येऊ दे.

अहवाल आला. चन्नप्पा आणि मी डॉक्टरांकडे गेलो. फोटो अगदी स्वच्छ आलाय, तयारी चांगली केली होती म्हणाले. त्यांना आतड्यात एका ठिकाणी काही दिसलंय. दुर्बीण घालून बघायचं, लहानसा तुकडा काढून तपासायचा आणि मग ठरवायचं. तू सवडीनं ये. उन्हं वाढायच्या आधी आलीस तर बरं.

हे मी असं लिहिलं आणि वाचून बघितलं, तर माझंच अक्षर बारीक झालेलं दिसलं. म्हणून पुन्हा लिहिते. गाठ आहे, भिवरा. काढावी लागेल. डॉक्टर म्हणाले, लवकर हाती लागली आहे, बाहेर पसरल्यासारखी दिसत नाही, पण थांबायचं नाही. अजून चार-सहा महिने गेले असते तर मी तुम्हाला असं बोलू शकलो नसतो, असंही म्हणाले. मी त्यांना मोठ्यानं पुन्हा सांगायला लावलं, नीट ऐकलं.

तू नको म्हटलं होतंस तरी मी आश्रुबांना कळवलं आहे. चन्नप्पानं मुकादमाच्या फोनवर निरोप दिला. मला काय बोलायचं ते बोल, पण ऑपरेशनला बायकोच्या दाराशी नवराच पाहिजे. ते काही विचारत बसले नाहीत. फक्त म्हणाले, कुठल्या गाडीनं येऊ.

जनावरांचं आणि हजेरीचं मंजुळाबाई बघेल, मोहनरावांना सांगितलं आहे. मी तिला तुझं ते हिरवं जुनेर देऊनच आले आहे.

नीलाअक्का

---

धारूर
१९ मे

नीलाअक्का,

तुमी दवाखान्यात रोज येत होता, म्हनून एवढे दिवस पत्र लिहायचं काम पडलं न्हाई. आता गावाकडं आले, तर लिहिल्यावाचून राहवत न्हाई.

टाके वाळले. शौचाला साफ होतं, रक्त न्हाई. तुकड्याचा कागद आमच्या घरच्यांनी खिशात घालून आणलाय. डॉक्टर म्हनाले, गाठ पुरती निघाली, आजूबाजूला काही न्हाई, वरून औषधाची गरज न्हाई. दर काही महिन्यांनी दाखवायचं तेवढं. घरच्यांनी तो कागद आमच्या वाडीतल्या शाळेच्या मास्तरकडून वाचून घेतला, मग छावणीत मोहनरावांकडून, मग पुन्हा मास्तरकडून. वाचून घ्यायचे आन् घडी घालून पुन्हा खिशात ठेवायचे. ऑपरेशनच्या दिवशी ते दाराशीच बसून होते, तुमी बघितलं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी एकदाच म्हनाले, "मला सांगायचं होतंस. कोयता खाली ठेवला असता." एवढंच. मग चूल पेटवायला गेले. आता भात तेच शिजवतेत, करपवतेत, आन् मी खाते.

गुरं अजून छावणीतच हायेत. आता हजेरीला ते उभे राहतेत. म्हैस मला बघून हंबरली. मंजुळाबाईनं तिची इतकी निगा राखली की पाठ चमकते. मी तिला हात जोडले तर तिनं हात धरून खाली केले.

परवा मी बायांना सांगितलं. ताडपत्रीच्या सावलीला दुपारच्या बसलो होतो. मंजुळाबाई म्हनाली, तू लातूरला कशाला गेलतीस ते आता तरी सांग. मी सांगितलं. रक्त पडत होतं ते सांगितलं, भात कशाला खात होते ते सांगितलं, औषधाची चव सांगितली, मशीनचं सांगितलं. पोटावरची शिवण दाखवली. आधी जीभ अडखळली. मग तुमी हजेरीच्या टेबलापाशी कशा उभ्या राहिलात म्हनून सगळ्याजनी सांगतेत, ते मनात आणलं आन् बोलत गेले. कुनी हसलं न्हाई.

सगळ्या उठून गेल्या, एक बसून राहिली. सरस्वतीबाई नावाची, मांजरसुंब्याकडची, इथं भावाची गुरं सांभाळते. चाळिशीची असल. बराच वेळ मातीत काडी ओढत होती. मग म्हनाली, मलाबी वर्षापासून पडतंय. तिनं भावाला सांगितलं न्हाई, भावजयीला न्हाई. मला म्हनाली, तुमी कशा गेलात, मला तर दवाखान्याच्या दारातच पाय उचलायचा न्हाई.

मी म्हनलं, पाय माझ्या संगं उचल.

मंगळवारी पहिल्या गाडीनं निघतो. तिच्या भावाची गुरं मंजुळाबाई बघनार हाय. शिवकांताला सांगा, दोघी येतोय.

भिवरा